गोळ्याचं अडनिडं वय

प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागलेल्या माणसाचं स्वतःचं नाव फार दिवस टिकत नाही. सापांकडचा माणूस सापवाले होतो, हत्तींकडचा हत्तीवाले होतो. जी बाई अकरा वर्षं पेंग्विनच्या थंडगार घरात गमबूट आणि एकावर एक दोन स्वेटर घालून वावरली, ती साहजिकच पेंग्विनबाई झाली. तिच्या नावाने घरी पत्र आलं, की तिला आधी वाटायचं, पोस्टमनने शेजारच्यांचं टाकलंय.

तिच्या ताब्यात एकवीस राजा पेंग्विन होते. त्यांतले वीस ओळीत उभे राहिले की एखाद्या मोठ्या समारंभाला आलेल्या पाहुण्यांसारखे दिसायचे. एकविसावा गोळा.

गोळा अंड्यातून बाहेर आला तेव्हा मूठभर होता. त्याच्या आईबापांनी तीन आठवडे त्याला आळीपाळीने पायांवर घेऊन उभं राहायचं काम नेटाने केलं. मग एका सकाळी दोघंही एकाच वेळी पाण्यात उतरली. दोघांचाही समज असा, की पोर दुसऱ्याकडे आहे. पोर काठावर एकटंच शीळ घालत बसलं होतं. पेंग्विनबाईने त्याला उचलून आपल्या लोकरी टोपीत ठेवलं आणि त्या दिवसापासून तिच्या आयुष्याचं वेळापत्रक बदललं. दर तीन तासांनी मिक्सरमधून माशांचं वाटण काढायचं आणि सुई काढलेल्या इंजेक्शनने त्याच्या चोचीत भरायचं. मिक्सर घरचाच होता. पुढे तो घरी परत आला, पण वडिलांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

पाचव्या महिन्यात गोळा आईच्या खांद्याला लागला आणि रुंदीला तिच्या दीडपट झाला. अंगभर दाट तपकिरी लोकर. कोणी लोड उभा करून त्याला कोट घालावा आणि वर एक चोच खोचावी, असं ते ध्यान. पेंग्विनबाई दारात दिसली की तो दोन्ही पंख फडफडवत, पोट सावरत, घसरत-धडपडत धावत यायचा आणि तिच्या गमबुटांना बिलगायचा. "गोळूऽऽ! माझं बाळ ते!" असं ती म्हणायची, आणि तो शीळ घालायचा. दिवसातून दहा-बारा वेळा हा प्रकार चाले. सापवाले म्हणायचे, "बाई, आमच्याकडे असलं काही नसतं. आमच्याकडे दोन्हीकडून शांतता."

त्याच सुमाराला संग्रहालयाला नवे संचालक आले. ते आधी फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाचे व्यवस्थापक होते. फर्निचरचं एक बरं असतं. जाहिरातीतलं कपाट दुकानात आल्यावरही तसंच असतं, आणि वर्षभराने बघितलं तरी त्याला मिशा फुटलेल्या नसतात. संचालकांनी गोळ्याला पाहिलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांना पोस्टर दिसत होतं. गोळ्याचा फोटो काढला गेला. तो बसथांब्यांवर लागला, तिकीटखिडकीवर लागला, फुग्यांवर आणि वह्यांवर छापला गेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘बाळ गोळ्याचा पहिला वाढदिवस! नक्की या!’ गावातली सगळ्यांत मोठी बालवाडी येणार होती. आइस्क्रीमच्या कारखान्याचे मालक प्रमुख पाहुणे होते आणि त्यांनी स्वतःच्या कारखान्यात बर्फाचा तीन मजली केक गोठवून घ्यायचं कबूल केलं होतं. केकच्या आत मासे.

वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना, एका सकाळी पेंग्विनबाईला पाणी जायच्या जाळीवर तपकिरी लोकर अडकलेली दिसली. दुसऱ्या दिवशी ओंजळभर. चौथ्या दिवशी तिने झाडू सोडून फावडं घेतलं.

पेंग्विनचं पिल्लू मोठं होतं ते गुपचूप होत नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि तुकड्यातुकड्यांनी होतं. गोळ्याच्या पोटावरची लोकर आधी गेली आणि खालून इस्त्री केल्यासारखं पांढरंशुभ्र पोट निघालं. मग पंख उघडे पडले. पण मानेभोवती लोकर तशीच राहिली, मफलर गुंडाळावा तशी. कमरेखाली ती घसरलेल्या ढगळ चड्डीसारखी लोंबत होती. डोक्याच्या मधोमध एक झुपका उभा होता, तो त्याने कुठूनतरी उसना आणल्यासारखा वाटायचा. बाकीचे वीस पेंग्विन त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

दिसण्याचं एक वेळ चाललं असतं, पण स्वभावही गेला. गोळा धावत यायचा बंद झाला. मासा हातात धरला तर तो मान फिरवायचा. जवळ गेलं तर चोच मारायचा. दिवसभर बर्फ करायच्या यंत्रामागे, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याला शिक्षा केली होती आणि ती संपली आहे हे सांगायला कोणी आलंच नव्हतं, असं वाटावं.

"गोळू, बाळा, काय झालं रे तुला?" पेंग्विनबाई यंत्राच्या बाजूने वाकून विचारायची.

गोळा भिंतीच्या आणखी जवळ सरकायचा.

आठवड्याने संचालक पाहणीला आले. त्यांच्या हातात पोस्टर होतं. त्यांनी पोस्टर पाहिलं, यंत्रामागे पाहिलं, परत पोस्टर पाहिलं.

"हे काय आहे?"

"गोळा."

"कोणता गोळा?"

"आपलाच, सर. पोस्टरवरचा."

"आजारी आहे का?"

"नाही सर. मोठा होतोय."

संचालकांनी पोस्टरची हळूहळू गुंडाळी केली. मग अतिशय समजूतदार आवाजात म्हणाले, "वाढदिवसानंतर होता येणार नाही का त्याला?"

"तसं त्याच्या हातात नाही, सर."

"मग तुमच्या हातात काय आहे? थोडं कापून, विंचरून, सारखं करता येत नाही? निदान जे उरलंय ते सगळीकडे समान वाटून घ्या."

"सर, तो पेंग्विन आहे."

"म्हणून तर सांगतोय. सिंह असता तर मी म्हटलं असतं का?"

हे सगळं पेंग्विनबाईने संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. घरी म्हणजे वडील, आणि त्या दिवशी जेवायला आलेली धाकटी बहीण. बहीण शाळेत आठवीची वर्गशिक्षिका होती, त्यामुळे कोणाच्याही तक्रारीने ती हलत नसे. "मला रोज साठ जण भिंतीकडे तोंड करून दाखवतात," एवढंच बोलून तिने भात वाढून घेतला.

वडिलांनी मात्र घास खाली ठेवला. बेचाळीस वर्षं त्यांनी केस कापायचं दुकान चालवलं होतं, तेही मुलांच्या शाळेच्या फाटकासमोर. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांची कात्री घरातल्या सगळ्या वस्तूंवरून फिरली होती. कुंड्यांतली झाडं झाली, सतरंजीची झालर झाली, आणि एकदा पेंग्विनबाई डुलकी काढत असताना तिच्या स्वेटरचे लोंबणारे धागेही झाले.

"कापून-विंचरून, असं म्हणाले तुमचे साहेब?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ते वेडेपणाने म्हणाले."

"म्हणू देत. गिऱ्हाईक बघायला काय जातं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपली जुनी कातडी पिशवी घेऊन पेंग्विनच्या घरात हजर झाले. अंगात दोन कोट, पायांत हत्तीवाल्यांचे उसने गमबूट. पिशवीतून त्यांनी पांढरं फडकं काढलं आणि मनगटाच्या एका झटक्यात ते असं फटकारलं, की वीस पेंग्विननी एकाच वेळी माना वळवल्या. एकविसाव्याने वळवली नाही. वडील बादली उपडी घालून त्याच्यापासून चार हातांवर बसले आणि नुसते बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पेंग्विनबाई मधूनमधून "गोळू, बघ कोण आलंय! गोळूऽऽ!" असं म्हणत होती.

शेवटी वडिलांनी फडक्याची घडी घातली.

"याला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"मी कुठे लावतेय? साहेबच म्हणतात ना."

"साहेबांना सांग, गिऱ्हाईक तयार नाही." त्यांनी पिशवीची कडी लावली आणि तिच्यावर कोपर टेकवलं. दुकानात काम नसायचं तेव्हा ते असेच बसायचे. "या वयाचे माझ्याकडे किती आले असतील! तिघं मिळून यायची पोरं. एक आत शिरायचा, दोघं बाहेर दात काढत उभे. आतला म्हणायचा, केस कापायचेत. केस तर मीच आठवड्यापूर्वी कापलेले असायचे. मग मी ओठावर बघायचो. चार केस. ते ठेवायचेत की काढायचेत, हे त्याचं त्यालाच कळत नसायचं."

"मग?"

"मग काय, फडकं बांधायचं. गरम पाणी, साबण, ब्रश, सगळं मोठ्या माणसाला करतो तसं. ‘काय साहेब, आज उशीर केलात?’ असं विचारायचं. आणि वस्तरा फिरवायचा. उलटा."

"उलटा म्हणजे?"

"पाठीच्या बाजूने. नुसता साबण निघायचा. केस जिथल्या तिथे. ते काय, आपले आपण येतात नाहीतर जातात. पण खुर्चीतून उतरताना ते पोर चढलं होतं त्याहून दोन बोटं उंच असायचं." वडील हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. "फक्त एक सांभाळायला लागायचं. आई बरोबर आली असेल, तर तिला बाहेर बाकावर बसवायचं. काही आया ऐकायच्या नाहीत. दारातून हाक मारायच्या, ‘सोन्या, झालं का रे?’ की संपलं. केलेलं सगळं पाण्यात."

पेंग्विनबाईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"मी कुठे हाका मारते?"

"आल्यापासून सात वेळा मारल्यास. मी मोजल्या."

तिने खराटा घेतला आणि कोरडी असलेली फरशी घासायला सुरुवात केली. अकरा महिने ज्याला वाटण भरवलं, ज्याच्या पायी घरचा मिक्सर बेघर झाला, त्याला हाकही मारायची नाही? वडील उपड्या बादलीवरून तिच्याकडे बघत होते. जाताना त्यांनी गोळ्याच्या पाठीला उद्देशून "बराय साहेब, येतो," म्हटलं. गोळ्याने मान जराशी, अगदी जराशी, तिरकी केली. ते पाहून पेंग्विनबाईला वडिलांचा फार राग आला.

तरी दुसऱ्या दिवशी तिने करून बघितलं. बादली घेऊन ती आली, बर्फाच्या यंत्राकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, मासे तबकात टाकले आणि पाठ करून उभी राहिली. ओठ इतके घट्ट मिटले होते की दात दुखायला लागले. मागे वीस पेंग्विनची ढकलाढकली ऐकू आली. मग थोड्या वेळाने फरशीवर आणखी दोन पावलं वाजली, फताक, फताक, आणि एक मासा उचलल्याचा आवाज आला. तिने मागे पाहिलं नाही. त्या दिवसभरात तिने एवढं एकच मोठं काम केलं.

इकडे बालवाडीच्या बाईंनी मुलांना दाखवायला म्हणून गोळ्याचा सध्याचा फोटो मागवला. पेंग्विनबाईने सध्याचा पाठवला. दुपारी संचालकांच्या खोलीतला फोन वाजला. बालवाडीच्या बाई सांगत होत्या, की त्यांची मुलं पोस्टर उशीखाली घेऊन झोपतात. हा फोटो बघून तिघं रडायला लागली, आणि एकीने विचारलं, याला कोणी अर्धं खाल्लं का? तेव्हा क्षमस्व, आम्ही येत नाही.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला खरा फोटो पाठवायला?" संचालकांनी पेंग्विनबाईला बोलावून विचारलं.

"त्यांनी सध्याचा मागितला होता, सर."

"साठ खुर्च्या मांडायच्यात! पाहुणे केक घेऊन येणार आहेत! त्यांना मी काय सांगू, टाळ्या कोण वाजवणार? तुमचे सापवाले?"

उत्तर बहिणीकडे होतं, आणि तिला ते शोधावंही लागलं नाही. "माझी आठवी आणते," ती म्हणाली. "साठ आहेत. कुठेही नेलं तरी त्यांना कंटाळाच येतो. तुमच्याकडे निदान गारवा तरी आहे." संचालकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि होकार दिला.

वाढदिवसाच्या सकाळी आठवीचा वर्ग आला. पायांपेक्षा आखूड झालेल्या पँटी, दंडांत दाटलेल्या बाह्या, कपाळावर मुरमं लपवायला ओढून आणलेले केस. बालवाडीसाठी आणलेल्या कागदी टोप्या वाया जाऊ नयेत, म्हणून संचालकांनी त्या सगळ्यांना वाटल्या. त्या त्यांच्या डोक्यांवर बाटलीच्या बुचासारख्या बसल्या. भोंग्यातून बडबडगीत सुरू झालं, ‘बाळ माझं गोजिरं’ अशा धर्तीचं काहीतरी. साठ जणांनी एकाच वेळी हाताच्या घड्या घातल्या. पहिल्या रांगेत कडेला वडील बसले होते, स्वच्छ दाढी करून, मांडीवर पिशवी घेऊन.

प्रेक्षक आणि पेंग्विन यांच्यामध्ये कमरेएवढी काचेची भिंत होती. तिच्या पलीकडे पाण्याचा तलाव आणि त्यामागे उताराचा ओला खडक. खडकावर, चाकांच्या टेबलावर, बर्फाचा तीन मजली केक चकाकत होता. त्याच्याशेजारी आइस्क्रीमच्या कारखान्याचे मालक नव्या बुटांत जपून उभे होते. कॉलरला ध्वनिक्षेपक लावलेली पेंग्विनबाई बाजूच्या दाराशी उभी होती. तिने काल रात्रीपासून स्वतःला बजावलं होतं, काही झालं तरी हाक मारायची नाही.

दार उघडलं आणि गोळा बाहेर आला.

पोट लखलखीत, पाठ राखाडी-निळी, मफलर अजून तसाच. चड्डी गेली होती, पण तिची एक बाजू गेली नव्हती. डोक्यावरचा झुपका वाऱ्याच्या झोताने डावीकडे कलला होता.

साठ जण एकदम हसत सुटले.

"अरे, याची हजामत अर्धी ठेवून दुकान बंद झालं!"

"बाई, हा आपल्या वर्गातला वाटतो!"

गोळा थबकला. त्याने वळून दार शोधलं, ते बंद झालं होतं. मग त्याने त्यातल्या त्यात जवळची भिंत शोधली आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. पेंग्विनबाईच्या ओठांवर हाक आली. ती तिने गिळली.

"मुलांनो, बाळ जरा लाजलंय हं!" संचालक ध्वनिक्षेपकात म्हणाले.

शेवटच्या रांगेतला सगळ्यांत उंच मुलगा उठला. "सर, पण बाळ आहे कुठे? हे तर—"

‘हे’ ढोल वाजावा तसं आलं आणि ‘तर’ पिपाणीसारखं. सगळा वर्ग त्याच्याकडे वळला आणि गोळ्याला हसला त्याच्या दुप्पट हसला. मुलाचे कान लालभडक झाले. तो बसायला खुर्ची चाचपू लागला.

पण गोळ्याने भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. त्याने मान उंच केली, चोच छताकडे धरली, छाती भरून घेतली आणि आवाज काढला. पिल्लाची शीळ सोडून दुसरा आवाज त्याने आजवर काढला नव्हता. हा मोठ्या पेंग्विनचा तुतारीसारखा, खणखणीत आवाज होता. निम्म्यापर्यंत. निम्म्यावर तो मोडला आणि शेवट शिळेत झाला. गोळा स्वतःच दचकला आणि कोणी ओरडलं हे बघायला त्याने मागे पाहिलं.

हसणाऱ्या साठ जणांनी माना गोळ्याकडे वळवल्या.

"परत बोल रे," कोणीतरी त्या मुलाला कुजबुजत म्हणालं.

"काय बोलू?" मुलगा म्हणाला. ‘काय’ वर गेलं, ‘बोलू’ तळाला.

गोळ्याने उत्तर दिलं. या वेळी तुतारी थोडी लांबली.

संचालक पुढे सरसावले, तशी वडिलांनी बसल्या जागेवरून त्यांच्या कोटाचं टोक धरलं. "राहू द्या हो. दोघांचंही पहिल्यांदाच चाललंय."

मुलगा बोलत होता आणि गोळा ओरडत होता. चौथ्या खेपेला गोळ्याची तुतारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गेली, आणि साठ जणांनी खुर्च्या बडवत असा कल्ला केला, की कागदी टोप्या उडाल्या. कारखान्याच्या मालकांना गहिवरून आलं. केक भरवायची हीच वेळ, असं वाटून त्यांनी टेबल पुढे ढकललं.

खडक उताराचा होता. टेबलाला चाकं होती. बूट नवे होते.

मालक जागीच खाली बसले आणि टेबल एकटंच पुढे गेलं. काठावर ते अडखळलं आणि केक तिन्ही मजल्यांसकट तलावात कोसळला. बर्फ फुटला, मासे मोकळे झाले. वीस पेंग्विननी कसलाही संकोच न करता धडाधड उड्या टाकल्या. गोळा वाटेत उभा होता. तो त्यांच्याबरोबर ढकलला गेला, की स्वतःहून गेला, यावर आठवीच्या वर्गात पुढे दोन तट पडले. पण पोटावर घसरत तो पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला.

लोकर भिजली की पिल्लू बुडतं, हे पेंग्विनबाई गेली अकरा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती. तिच्या डोळ्यांसमोर फक्त तो मफलर होता.

"गोळूऽऽ! बाळा! माझं बाळ ते!"

कॉलरच्या ध्वनिक्षेपकातून हे सगळ्या इमारतीत घुमलं आणि बाहेर सापवाल्यांनाही ऐकू गेलं. पाठोपाठ धप्पकन आवाज आला. पेंग्विनबाई दोन स्वेटर आणि गमबुटांसकट पाण्यात होती.

पाणी छातीपर्यंत होतं आणि इतकं गार, की तिला श्वास घ्यायचा असतो हेच क्षणभर आठवेना. तिने चहूकडे हात फिरवले. हाताला लोकर लागली. नुसतीच. लोकरीचा एक अख्खा पुंजका पाण्यावर तरंगत होता आणि त्याच्या आत कोणी नव्हतं.

तेवढ्यात तिच्या गुडघ्यांपाशी काहीतरी सपकन गेलं. मग परत, उलट्या दिशेने. तिने खाली पाहिलं. जमिनीवर जे लोडासारखं हलायचं, ते पाण्याखालून बाणासारखं जात होतं, तिच्याभोवती वळसे घेत होतं, तोंडात आडवा मासा. वळताना एकदा धडक बसली ती तिलाच. चौथ्या वळशाला गोळा पाण्यातून सुटला आणि थेट खडकावर दोन पायांवर उभा राहिला. मान उघडी होती. मफलर पाण्यात राहिला होता. झुपका मात्र जागच्या जागी.

त्याने मासा गिळला आणि तलावातल्या बाईकडे जरा नवलाने पाहिलं.

आता प्रश्न बाईचा होता. गमबुटांत पाणी भरलं होतं आणि स्वेटरांनी तलावातलं निम्मं पाणी पिऊन घेतलं होतं. ती काचेकडच्या काठाला धरून वर यायला गेली, की परत खाली. दोनदा झालं, तीनदा झालं. पेंग्विन समोरच्या खडकावर उड्या मारत सहज वर जात होते.

"आठवी ब!" बहिणीचा आवाज आला. "बघताय काय? उठा!"

साठ जण उठले. काचेच्या भिंतीवरून हात आले, लांबलचक, अंगाला अजून नीट न बसलेले. उंच मुलाने तिची एक काख धरली, दोन मुलींनी दुसरी, बाकीच्यांनी जिथे जागा मिळेल तिथे. "एक, दोन, तीन!" असं म्हणणाऱ्या तिघांचे आवाज तीन पट्ट्यांत फुटले. पेंग्विनबाई एका गमबुटासह बाहेर आली. दुसरा तळाशी राहिला.

वडिलांनी पांढरं फडकं तिच्या खांद्यांवर टाकलं, गळ्याशी बांधलं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने तिचं डोकं खसाखसा पुसायला लागले. ती दातांवर दात आपटत गोळ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं.

"आधी शिंकून घे," वडील म्हणाले. "रडायचं ते नंतर."

तिने दोन्ही एकदमच केलं.

पुढचे चार दिवस पेंग्विनबाई तापाने अंथरुणात होती. संचालकांचा रोज फोन यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी खुलासा मागितला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की आठवीतल्या एकाने सगळा प्रकार मोबाइलवर टिपून पसरवला आहे आणि फाटकावर रांग लागली आहे. तिसऱ्या दिवशी अजीजीने विचारलं, की दर रविवारी पाण्यात उडी मारणं जमेल का. त्या फोनला वडिलांनी उत्तर दिलं. काय दिलं, ते तिला कळलं नाही, पण चौथ्या दिवशी फोन आला तो फक्त तब्येत विचारायला.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. दाराशी उभी राहून तिने खडकावर नजर फिरवली. एकवीस पेंग्विन, सगळे गुळगुळीत, सगळे ऐटबाज. झुपकावाला कोणी नव्हता. एकाच्या कानांजवळचा पट्टा मात्र इतरांसारखा गर्द नारिंगी नव्हता, फिकट पिवळा होता. अजून दोन वर्षं तरी तो तसाच राहणार होता. तोंडापर्यंत आलेली हाक तिने खोकल्यात बदलली. घसा तसाही बसला होता.

तिने मासे तबकात टाकले. या वेळी पाठ फिरवली नाही, नुसते हात खिशात घातले. पिवळ्या पट्ट्याचा पेंग्विन ढकलाढकली करत आला. त्याने एकाला चोच मारली, दोघांकडून खाल्ली, आणि मासा मिळवला. मग घोळक्यातून निघून तो तिच्या बाजूला आला. बिलगला नाही. हातभर अंतर ठेवून, ती बघत होती त्याच दिशेला बघत उभा राहिला. मोठे पेंग्विन एकमेकांशेजारी उभे राहतात तसा. दोघं बराच वेळ तलावाकडे बघत होती. पाण्यावर काही विशेष चाललेलं नव्हतं.

मग त्याने तिच्या नव्या गमबुटावर एक सणसणीत चोच मारली आणि पाण्याकडे निघून गेला.

पेंग्विनबाईने पाय चोळला. चार दिवसांत जाळीवर एवढी लोकर साठली होती, की पाणी दारापर्यंत आलं होतं. ती बाह्या वर सारून गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली.